बिल्ला ब्यूकचा, गाडी जर्मनीची: वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात ओघात लिहून गेलो होतो की अमेरिकन ब्रँडच्या नावाने विकल्या गेलेल्या कितीतरी स्पोर्ट सेडान मुळात युरोपात जन्मलेल्या आहेत, त्या एका वाक्यावर एवढे मेल आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: दादा, आम्ही मिशिगनला नोव्हीत राहतो. पुण्यात होते तोवर कायम मॅन्युअल गाडी चालवली, इथे ऑटोमॅटिक चालवून अक्षरशः कंटाळलेय. एक २०१३ ची ब्यूक रीगल जीएस मिळतेय, सहा गिअरची मॅन्युअल. नवरा म्हणतो ब्यूक ही रिटायर्ड लोकांची गाडी, त्यापेक्षा गपचूप कॅमरी घेऊ. काय करू?

उत्तर: ताई, कंडिशन चांगली असेल तर घ्या, मनापासून सांगतोय. त्या गाडीवर ब्यूकचा बिल्ला आहे तो अगदी शेवटी लागलेला. खरं तर ती ओपेल इन्सिग्निया, जर्मनीत रुसेल्सहाइमला घडलेली, २००९ ची युरोपियन कार ऑफ द इयर. ब्यूक, ओपेल, सॅटर्न हे सगळे तेव्हा जनरल मोटर्सचे (जीएम) ब्रँड, आणि जीएमच्या डोक्यात होतं की अमेरिकेत ती सॅटर्न ऑरा म्हणून विकायची, पण जून २००९ मध्ये जीएमनेच दिवाळखोरी जाहीर केली, सॅटर्न हा ब्रँडच बंद व्हायच्या वाटेला लागला, मग इतकी चांगली तयार गाडी वाया कशाला घालवायची म्हणून ती ब्यूकच्या पदरात पडली. २०११ मॉडेलच्या सुरुवातीच्या रीगल तर थेट रुसेल्सहाइमहून जहाजाने आल्या, नंतर कॅनडात ऑशवाला बनायला लागल्या, तुमची तिथलीच असणार.

आता जीएसचं वेगळेपण बघा. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २७० हॉर्सपॉवर, आणि ही सगळी ताकद फक्त पुढच्या चाकांना. एवढी ताकद पुढच्या चाकांवर आली की जोरात पाय दाबल्यावर स्टेअरिंग एका बाजूला ओढ घेतं, कारण साध्या स्ट्रटमध्ये, म्हणजे चाकाला धरणाऱ्या स्प्रिंग-डॅम्परच्या खांबात, चाक वळताना अख्खा स्ट्रट वळतो आणि वळण्याचा अक्ष चाकाच्या मध्यापासून बराच आत पडतो. जीएसला हायपरस्ट्रट नावाचं पुढचं सस्पेन्शन आहे, त्यात वळणारा भाग स्ट्रटपासून सुटा केलाय, तो अक्ष चाकाच्या जवळ आलाय आणि ती ओढ बरीच कमी झालीये. पुढे ब्रेम्बोचे ब्रेक आहेत. आणि क्लचचं पेडल! मला या गाडीबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीसाठी, की ब्यूकसारख्या ब्रँडने, जिथे मॅन्युअल मागणारं गिऱ्हाईक शोधून सापडायचं नाही तिथे, कुणीतरी टेबलावर हात आपटून मॅन्युअल गिअरबॉक्स ठेवून घेतला. खाली अजून या गाड्यांबद्दल वाचाल तेव्हा कळेल की हे किती दुर्मीळ आहे.

घ्यायच्या आधी काय बघायचं ते सांगतो. इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं आहे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन साचत जातो, थंड इंजिन सुरू करताना अडखळत असेल तर आधी हा संशय घ्या आणि व्हॉल्व्ह साफ करायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. ऑइल वेळेवर बदलल्याच्या पावत्या बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, टर्बो गाडीत त्याला पर्याय नाही. क्लच दाबणारा हायड्रॉलिक सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत बसलेला आहे, म्हणजे तो गळायला लागला तर पार्ट स्वस्त पण मजुरी मोठी, म्हणून टेस्ट ड्राइव्हला वरच्या गिअरमध्ये, कमी स्पीडला, एकदम पाय दाबून बघा, इंजिनचा आवाज चढतोय आणि गाडी मागेच राहतेय असं झालं तर क्लच गेलाय. आणि मिशिगनचे खड्डे तुम्हाला मी काय सांगणार, १९ किंवा २० इंची चाकं आहेत, चारही रिम आतल्या बाजूने वाकलेत का ते लिफ्टवर चढवून बघा. हेच इंजिन ब्यूकच्याच व्हेरानो टर्बोमध्येही होतं, त्यामुळे इंजिनच्या पार्टची चिंता नको.

नवऱ्याला म्हणावं, एकदा शेजारी बसून बघा फक्त.

प्रश्न: नमस्कार काका, एडिसन, न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्या शेजारच्या आजींच्या गराजमध्ये १९९९ ची कॅडिलॅक कटेरा बरीच वर्षं पडून आहे, फार चाललेली नाही, दीड हजार डॉलरला द्यायला तयार आहेत. मुलगा कॉलेजला जाणार, तो म्हणतो बाबा ही खरी जर्मन गाडी आहे, रिअर व्हील ड्राइव्ह आहे, सोडायची नाही. घेऊ का?

उत्तर: मुलाचा अभ्यास पक्का आहे, पण रोज कॉलेजला जायला ही गाडी त्याला देऊ नका.

कटेरा म्हणजे ओपेल ओमेगा बी, रुसेल्सहाइमलाच बनून अमेरिकेत यायची, १९९७ ते २००१ या मॉडेल वर्षांत विकली गेली. इंजिन तीन लिटरचं व्ही६, २०० हॉर्सपॉवर, ते इंग्लंडमधल्या एल्समिअर पोर्टला बनायचं. या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे आणि बेल्ट तुटला तर पिस्टन सरळ व्हॉल्व्हवर आदळतात, म्हणजे एका रबरी पट्ट्यापायी अख्खं इंजिन खलास. लोक मैल बघतात, पण रबर नुसत्या मैलांनीच नाही तर वर्षांनीही म्हातारं होतं, इतकी वर्षं उभ्या गाडीचा बेल्ट आणि टेन्शनर बदलल्याशिवाय ती सुरू करायचीसुद्धा नाही. दुसरं म्हणजे ऑइल कूलर, तो इंजिनच्या दोन बाजूंच्या मधल्या खळग्यात, इनटेकच्या खाली लपलाय, तो गळला की ऑइल कूलंटमध्ये मिसळतं आणि तिथपर्यंत पोचायला मेकॅनिकला सगळं वरचं उघडावं लागतं. हीटरचा व्हॉल्व्ह फुटून कूलंट सांडणं हे तर या गाडीचं नेहमीचंच दुखणं. दीड हजाराची गाडी आणि तिच्या दुप्पट खर्च पहिल्या वर्षात, नाकापेक्षा मोती जड. मुलाला स्वतः हाताने काम शिकायचंय, घरात दुसरी धड चालणारी गाडी आहे, असं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, मग आनंदाने घ्या. याच घराण्यातलं इंजिन साब ९-५ च्या व्ही६ मध्ये आणि सॅटर्न एल सिरीजच्या व्ही६ मध्येही होतं, त्यामुळे साबचं काम करणारा जुना मेकॅनिक जवळपास सापडला तर त्याला हे इंजिन तोंडपाठ असतं.

पण कटेराचा विषय निघालाच आहे तर मनातलं लिहितो. जर्मनीत तीन लिटरची ओमेगा पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळायची. ऑटोबानवर तासन् तास पळायला केलेली मोठी, स्थिर, मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी ती. कॅडिलॅकने ती आणली कशासाठी, तर बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजकडे चाललेलं तरुण गिऱ्हाईक परत खेचायला. आणि मग त्या तरुण गिऱ्हाइकाला दिलं काय, तर फक्त चार स्पीडची ऑटोमॅटिक, मॅन्युअल मिळणारच नाही, आणि सतराशे किलोच्या आसपासच्या गाडीला २०० हॉर्सपॉवर. जाहिरातीत कॅडिलॅकच्या जुन्या चिन्हातला पक्षी काढून त्याचं कार्टून बदक केलं, त्याला झिगी नाव दिलं, १९९७ च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलला, मॉडेल सिंडी क्रॉफर्डला राजकन्या करून उभं केलं. ज्याला बीएमडब्ल्यू चालवायची हौस आहे त्याला ते बदक बघून काय वाटलं असेल? आणि जुन्या कॅडिलॅकवाल्याला हवी होती ती लांबरुंद ऐसपैस गाडी ही नव्हतीच. ना धड इकडची ना धड तिकडची, आणि यात गाडीची काहीच चूक नव्हती, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढे २००३ मॉडेलची सीटीएस आली तेव्हा कॅडिलॅकने तेच इंजिन ३.२ लिटरचं करून घातलं, पण चॅसी स्वतःची नवी केली, जर्मनीतल्या नुर्बर्गरिंग रेस ट्रॅकवर नेऊन घासूनपुसून बसवली आणि पाच गिअरची मॅन्युअल दिली. लगेच २००४ ला ४०० हॉर्सपॉवरची सीटीएस-व्ही, तीही फक्त मॅन्युअल. लोकांनी उचलून धरली.

प्रश्न: सर, मी नाशिकला ऑटोमोबाइल डिप्लोमा करतोय. एकच गाडी युरोपात चांगली चालते आणि अमेरिकेत दुसऱ्या नावाने आपटते, असं वारंवार का झालं? रस्ते वेगळे म्हणून का?

उत्तर: रस्ते हे कारण फार थोडं, मित्रा. फोर्डच्या मर्कुरचं उदाहरण घे, त्यात सगळंच दिसतं.

१९८० च्या दशकात फोर्ड ऑफ युरोपची सूत्रं सांभाळलेल्या बॉब लुट्झने आग्रह धरला की युरोपातली सिएरा अमेरिकेत न्यायची. त्यासाठी मर्कुर नावाचा नवीनच ब्रँड काढला आणि १९८५ ला एक्सआर४टीआय बाजारात आणली, पाठीवर दोन मजली स्पॉइलर, जर्मनीत राइने गावातल्या कारमानच्या कारखान्यात बनलेली. दरवाजे तीन होते त्यामुळे काटेकोर बोलायचं तर सेडान नाही, पण तिची लढाई बीएमडब्ल्यू आणि साबशीच होती. सिएराच्या युरोपातल्या एक्सआर४आय मॉडेलला २.८ लिटरचं व्ही६ होतं, अमेरिकेसाठी त्याजागी फोर्डचं तिकडचं २.३ लिटर टर्बो घातलं, मॅन्युअलला १७५ हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिकला १४५. आणि गाडी दमदार होती का, तर १९८५ ची ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप अँडी राऊझने याच अमेरिकन टर्बो इंजिनवाल्या एक्सआर४टीआयने जिंकली, १९८७ ला अमेरिकेत ट्रान्स-अ‍ॅम या रेसमालिकेचं विजेतेपद स्कॉट प्रुएटने मर्कुरच्या बॉडीखालच्या रेसिंग गाडीने मिळवलं.

मग बुडाली का? पहिलं कारण शोरूम. ती विकायला दिली लिंकन-मर्क्युरीच्या डीलरना. त्या सेल्समनने आयुष्यभर लांबलचक टाउन कार विकलेली, मखमली सीट आणि मऊ सस्पेन्शन, त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक साठीचं. तो या अनोळखी जर्मन गाडीत टर्बो म्हणजे काय, सीट इतकी कडक का, हे समजावत बसेल का? एक टाउन कार विकून त्याला जास्त पैसे मिळतात आणि डोक्याला ताप नाही. ज्या माणसाला अशी गाडी हवी होती तो लिंकनच्या शोरूममध्ये पाय ठेवतच नव्हता, आणि जो येत होता त्याला ती नको होती. तू पुढे विक्री किंवा सर्व्हिसला गेलास तर हे लक्षात ठेव, गाडी इंजिनिअर घडवतात पण गिऱ्हाइकाशी तिची ओळख काउंटरवरचा माणूस करून देतो.

दुसरं कारण पैसा, आणि यावर फारसं कुणी बोलत नाही. १९८५ च्या सुरुवातीला एका डॉलरला तीन मार्कांहून (जर्मनीचं तेव्हाचं चलन) जास्त मिळत होते, जर्मनीत बनवून अमेरिकेत विकणं फायद्याचं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी मिळून डॉलर उतरवायचा करार केला आणि १९८७ संपेपर्यंत डॉलरची मार्कातली किंमत जवळपास निम्म्यावर आली. म्हणजे गाडी तीच, कारखाना तोच, पण डॉलरमध्ये बनवायचा खर्च कुठच्या कुठे गेला. किंमत वाढवली तर गिऱ्हाईक पळतं, नाही वाढवली तर प्रत्येक गाडीमागे नुकसान. त्यात १९९० मॉडेलपासून एअरबॅग किंवा आपोआप लागणारे सीटबेल्ट सक्तीचे होणार होते, थोड्याशा गाड्यांसाठी तो खर्च कोण करणार, १९८९ ला ब्रँडच बंद. वीसेक वर्षांनी परत तेच, बेल्जियममधल्या अँटवर्पहून सॅटर्न अ‍ॅस्ट्रा अमेरिकेत यायला लागली आणि २००८ च्या जुलैत युरो १.६० डॉलरच्या आसपास पोचला. तिथे नफा कुठून येणार?

तिसरं कारण कटेराच्या उत्तरात लिहिलंयच. गाडी आणायची ती तिच्या धारेसाठी आणि आणल्यावर घाबरून पहिली धारच बोथट करायची.

प्रश्न: ठाण्याहून लिहितेय. बाबांकडे २००३ ची फोर्ड मॉन्डिओ होती, आमच्या घरातली सगळ्यांत लाडकी गाडी. अमेरिकेतला माझा भाऊ म्हणतो तिकडे तिला कॉन्टूर म्हणायचे. खरं का?

उत्तर: अर्धं खरं. तुमच्या बाबांची मॉन्डिओ त्यापुढच्या पिढीची, ती अमेरिकेत गेलीच नाही. त्याआधीची, १९९३ ला युरोपात आलेली पहिली मॉन्डिओ अमेरिकेत १९९५ मॉडेलपासून फोर्ड कॉन्टूर आणि मर्क्युरी मिस्टिक अशा दोन नावांनी आली. मागच्या सीटवर जागा कमी म्हणून तिकडे नावं ठेवली गेली.

पण तिची एक बहीण होती, फोर्डच्या एसव्हीटी या वेगवान गाड्या करणाऱ्या खास टीमची एसव्हीटी कॉन्टूर, १९९८ ते २०००, आणि तिच्याबद्दल बोलताना मी जरा हळवा होतो. अडीच लिटर व्ही६, आधी १९५ मग २०० हॉर्सपॉवर, फक्त पाच गिअरची मॅन्युअल. इनटेकच्या आतल्या वाटा गुळगुळीत करायला त्यातून दाबाने घासणारी लुगदी ढकलायचे, रेसिंग इंजिनला करतात तसं, आणि हे सगळं एका साध्या दिसणाऱ्या फोर्डमध्ये. अकरा हजारांच्या आसपासच बनल्या. भावाला आता कुठे दिसलीच तर इंजिनच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने तडकून पडतंय का आणि वॉटर पंप कधी बदललाय एवढं विचारायला सांगा.

प्रश्न: युरोपची गाडी अमेरिकन नावाने, असं आपल्याकडे काही आहे का? (पिंपरी)

उत्तर: अहो तुमच्यापासून तासा-दीड तासावर. रांजणगावला बनणारी जीप कंपास. सेडान नव्हे, पण ब्रँड अमेरिकन आणि खालचा सांगाडा फियाटच्या घराण्यातला, त्याच कारखान्यात आधी लिनिया आणि पुंटो बनायच्या. गंमत म्हणजे २०१७ च्या कंपासमध्ये आलेलं १.४ लिटर मल्टीएअर टर्बो पेट्रोल हे त्याच घराण्यातलं इंजिन आहे जे अमेरिकेत २०१३ च्या डॉज डार्टमध्ये होतं, आणि डार्ट म्हणजे लांब-रुंद केलेली अल्फा रोमिओ जुलिएट्टा. डार्टचं लिहायचं तर, फियाटला क्रायस्लरमधला आणखी पाच टक्के हिस्सा हवा होता आणि अमेरिकन सरकारची अट होती की ४० मैल प्रति गॅलनची गाडी तिथे बनवून दाखवा, ती अट डार्टने पूर्ण केली. तेवढ्यासाठी घाईने आणली आणि २०१६ ला बंद केली. अल्फाचं रक्त असलेल्या गाडीला यापेक्षा बरं नशीब मिळायला हवं होतं.

प्रश्न: ओहायोहून कायमचा कोथरूडला परत येतोय, माझी २०१८ ची रीगल सोबत आणता येईल का?

उत्तर: नाही. जुनी गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टेअरिंग उजवीकडे लागतं. तिकडेच चांगल्या हातात द्या.

प्रश्न: दादा, डॅलसला आहे, दोन लहान मुलं, बजेट वीस हजार डॉलरच्या आत. तुमचा कॉलम वाचून युरोपियन मुळं असलेली जरा अलीकडची सेडान घ्यावी वाटतेय, पण मॅन्युअलचा हट्ट नाही, ट्रॅफिकमध्ये झेपत नाही. काय बघू?

उत्तर: दोनच नावं. एक फोर्ड फ्यूजन स्पोर्ट, २०१७ ते २०१९. फ्यूजन म्हणजेच त्या पिढीची मॉन्डिओ, पण स्पोर्टमधलं २.७ लिटरचं जुळ्या टर्बोचं व्ही६, ३२५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद, हे युरोपातल्या मॉन्डिओला कधी मिळालंच नाही. इथे मात्र अमेरिकनांनी गाडी बोथट करायच्या ऐवजी वर चढवली! खड्ड्यात चाक जायला लागलं की डॅम्पर क्षणात कडक होऊन चाक खोल पडू देत नाहीत अशीही सोय आहे. घेताना मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या युनिटचं ऑइल बदललंय का बघा, त्याकडे कुणी लक्ष देत नाही.

दुसरी २०१८ ते २०२० ची ब्यूक रीगल जीएस, म्हणजे दुसऱ्या पिढीची इन्सिग्निया. ३१० हॉर्सपॉवरचं ३.६ लिटर व्ही६, ऑल व्हील ड्राइव्ह, नऊ स्पीड ऑटोमॅटिक, ब्रेम्बो ब्रेक, आणि मागचा अख्खा दरवाजा काचेसकट वर उघडतो, मुलांची सायकल, स्ट्रोलर, इंडियन स्टोअरमधली तांदळाची पोती सगळं सहज बसतं. मला विचाराल तर कुटुंबासाठी हीच. एक अडचण मात्र आधीच समजून घ्या. ही बनली रुसेल्सहाइमला आणि २०१७ ला जीएमने ओपेल पीएसएला (प्यूजो-सिट्रोएनवाले) विकून टाकली, ती आता स्टेलांटिसकडे आहे. इंजिन-गिअरबॉक्सचे पार्ट जीएमच्या इतर गाड्यांमुळे मिळत राहतील, पण बॉडीचे पार्ट, काचा, दिवे हे सगळं ओपेलचं, आणि विकल्या गेलेल्या गाड्या थोड्या. त्यामुळे अपघात झालेली, टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, तशी नोंद असलेली रीगल कितीही स्वस्त मिळाली तरी नको. पुढचे दिवे, बंपर आणि मागची काच मूळचीच आहे आणि शाबूत आहे, एवढं उजेडात नीट बघा, आणि सौदा करायच्या आधी इन्शुरन्सवाल्याला फोन करून काचेचं कव्हर वेगळं घेता येतं का ते विचारून ठेवा.